आले का माझे घोडे?

४ फेब्रुवारी, मंगळवार

टाक्-टक, टाक्-टक, टाक्-टक.

चौसष्ट वर्षांपूर्वीचा हा आवाज आज पहाटे अंथरुणातच कानात वाजू लागला. कवितेच्या बाई डस्टरची लाकडी पाठ टेबलावर आपटून ठेका धरायच्या आणि आम्ही चाळीस पोरं त्या ठेक्यावर कविता म्हणायचो. कविता संथ असली की बाई म्हणत, "चाल!" जरा वेग हवा असला की, "दुडकी!" आणि शेवटचं कडवं आलं की हात उंच करून, "भरधाव!" वृत्तांची ही तीन नावं कुठल्याच पुस्तकात सापडायची नाहीत. बाईंची स्वतःची प्रतिभा.

"बाबा, पलंगावर बोटं कसली वाजवताय? तीनदा हाक मारली," सूनबाई दारातून म्हणाली.

"दुडकी."

"दुडकी? अहो, ती तर आमच्याकडे..." एवढ्यात तिचा फोन वाजला. कुणाची तरी गाय अडली होती. सूनबाई जनावरांची डॉक्टर आहे. मुलगी गुणी, पण कवितेशी काही देणंघेणं नाही.

आवाज आठवायचं कारण तुफान. माझा वर्गमित्र. जुन्या शाळेसमोर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बारा वर्षांपूर्वी शाळा नव्या इमारतीत गेल्यापासून जुन्या इमारतीची किल्ली त्याच्याच खिळ्याला लटकलेली असते. काल संध्याकाळी तो धापा टाकत आला.

"पाखरा, शाळा पाडतायत. गाड्या लावायला जागा करणार."

मी खुर्चीतच बसून राहिलो. एकच वाट आहे म्हणे. शंभर वर्षांहून जुन्या इमारतींची एक यादी असते. तीत नाव गेलं तर इमारत वाचते, शिवाय तिथे वस्तीसाठी वाचनालयही करतात. त्यासाठी या महिन्याच्या आत इमारतीचा लेखी इतिहास कचेरीत द्यायचा.

"तू लिही. तू कवी आहेस."

"अरे, कवी वेगळा, इतिहासकार वेगळा."

"दोघंही न पाहिलेलंच लिहितात की!"

हो म्हटलं. म्हणून ही वहीही सुरू केली. ती इमारत गेली तर तो ठेका एकट्या माझ्या डोक्यात उरेल, आणि माझं डोकं आता चौऱ्याहत्तर वर्षांचं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वजनमाप खात्यात छत्तीस वर्षं काढली. मापाशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. आज टेप घेऊन गेलो. तुफान दुसरं टोक धरून उभा, तोंडाचा पट्टा चालूच.

नोंदी अशा. मुख्य दार नऊ फूट उंच, आठ फूट रुंद. दोन्ही फळ्या मधोमध आडव्या कापलेल्या, त्यामुळे वरचा अर्धा भाग उघडून खालचा बंद ठेवता येतो. (वारा यावा, पण मुलं पळू नयेत. केवढी दूरदृष्टी!) फरशी दगडी, दोन्हीकडून मध्याकडे उतरती. मधून बोटभर खोल पन्हळ, ती भिंतीतल्या भोकातून बाहेर. (सांडलेली शाई वाहून जायला.) उत्तरेच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर चौदा लोखंडी कड्या, दोन कड्यांच्या मध्ये दगडी आडोसा. या आमच्या शिक्षेच्या कड्या. गृहपाठ न केलेल्याने कडी धरून उभं राहायचं. कड्यांखाली लांबच लांब दगडी कुंड, त्यात आम्ही दप्तरं आणि डबे ठेवायचो.

मी म्हटलं, "दार एवढं उंच का, ठाऊक आहे? विद्येच्या घरात माणसानं ताठ मानेनं यावं म्हणून."

"नऊ फूट मान कुणाची असते रे?"

या माणसाला काव्य नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

इतिहासाची चार पानं झाली. सुरुवात मनासारखी जमली आहे. "ज्ञानाचे हे मंदिर कोण्या थोर द्रष्ट्याने केवळ बालकांसाठी पायापासून उभारले." वाचून माझ्याच अंगावर काटा आला. सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पायापासून म्हणजे? इमारती दुसरीकडून कुठून उभारतात?"

पान चार बाईंचं. चौथीच्या वर्गात त्या सकाळी दारात येऊन रोज एकच वाक्य म्हणत, "आले का माझे घोडे?" बाकीचे मास्तर आम्हाला गाढव म्हणायचे, बाईंनी एकदम बढती दिली होती. कड्यांच्या भिंतीलगत बसणाऱ्या आम्हा चौदा जणांना तर त्यांनी नावंच ठेवली होती. एकेका कडीखाली एकेक नाव. तुफान, काजळ, चांदणी, बिजली. तिसरी कडी माझी. मी पाखरू. माझ्या स्वभावातली उडती कल्पकता त्यांनी त्या वयातही ओळखली असणार. उरलेली सव्वीस मुलं आमचा हेवा करायची.

बाईंची स्वतःची एक कविता होती, छापली कधीच गेली नाही:

ऊठ पाखरा, उजाडे
दूर गाव वाट पाहे
पाठीवर ओझे थोडे
मनामधे वारा वाहे

पक्ष्याच्या पाठीवर ओझं कसं, असं कुणी विचारेल. ते आमचं दप्तर. बाईंना आमची किती कणव!

ही कविता मी आज तुफानच्या दुकानात म्हटली. तो चाकाचा आरा घट्ट करता करता थांबला. मग म्हणाला, "पाखरा, बाई नक्की गेल्या का रे?"

"कधीच्याच. वीस वर्षं झाली. मी शोककविता नव्हती का लिहिली? मोहल्ल्याच्या अंकात छापून आली होती."

"हो, पण तुला सांगितलं कुणी?"

"कुणीतरी सांगितलंच असेल. उगाच कोण शोककविता लिहील?"

त्याने मान हलवली आणि पुन्हा आरा पिळू लागला. मी पान चारवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "दिवंगत कवितेच्या बाई". जाताना एक कच्ची प्रत कचेरीत देऊन आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घात झाला.

जुना सूचनाफलक भिंतीवरून उतरवला तर मागे एक दगडी पाटी निघाली. तुफानने ओल्या फडक्याने पुसली. अक्षरं स्वच्छ. "या वास्तूत शाळा सुरू झाली" आणि खाली तारीख. हिशेब केला. एकाहत्तर वर्षं.

एकाहत्तर! शंभराला एकोणतीस कमी. मी पुन्हा पुन्हा वजाबाकी केली, जणू आकड्यांना लाज वाटून ते बदलतील. माझी शाळा माझ्याहून तीन वर्षांनी लहान निघाली. मला ती कायम आजीच्या वयाची वाटत आली होती.

तुफान पाटीकडे बघत राहिला. "वास्तूत सुरू झाली, असं लिहिलंय."

"तेच ना!"

"नाही, म्हणजे... वास्तूत."

"एकदा वाचलं मी, तुफान. मीठ नको चोळूस."

१७ फेब्रुवारी, सोमवार

काही लिहिलं नाही. तुफानने चहा पाजला आणि मन रिझावं म्हणून एक नवी कोरी सायकलची घंटी भेट दिली. माझ्याकडे सायकल नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजचं लिहू की नको, असं झालं आहे. पण वहीशी खोटं बोलून करू काय?

दुपारी शाळेत गेलो, निरोप घ्यायच्या विचाराने. चष्मा घरी विसरलो. अर्ध्या तासाने सूनबाई तो घेऊन आली. कुठल्या तरी गोठ्यावरून थेट आलेली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. इतक्या वर्षांत ती या इमारतीत कधी आली नव्हती. दारातच थबकली. दाराचा खालचा भाग हाताने झुलवून पाहिला.

"बाबा, ही तुमची शाळा?"

"हो. बघ, प्रकाश कसा..."

ती ऐकतच नव्हती. सरळ कड्यांपाशी गेली, एक ओढून बघितली. वाकून दगडी कुंडाच्या काठावरून तळवा फिरवला. मग पन्हळीच्या कडेकडेने बूट टाकत भिंतीतल्या भोकापर्यंत गेली. आणि हसायला लागली. इतकी, की कुंडाच्या काठावर बसावं लागलं तिला.

"बाबा, ही गव्हाण आहे."

"डबे ठेवायची जागा आहे ती."

"गव्हाण! घोड्यांना चारा घालायची. काठ कसा गुळगुळीत झालाय बघा, माना घासून घासून. चौदा कड्या, चौदा खण, वरून उघडणारी दारं, मधून मूत वाहून जायला पन्हळ..."

"शाई!"

"अहो बाबा, किती शाई सांडत होतात तुम्ही?"

तुफान दाराला धरून हसत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "म्हणजे आपण तबेल्यात शिकलो?"

"पागेत, काका. तबेला म्हणून कमी लेखू नका. चांगली, नेटकी पागा आहे ही. आमच्या कॉलेजातसुद्धा एवढी चांगली नव्हती." मग ती माझ्याकडे वळली, जरा सांभाळून. "बाबा, पण हे बरंच झालं की! पागा असेल तर ती शाळेच्या आधीची. म्हणजे इमारत एकाहत्तर वर्षांची नाहीच."

मला ऐकू गेलं. ऐकू न गेल्यासारखं केलं. चष्मा हातातच धरून घरी आलो आणि वाटेत दोनदा खांबाला धडकलो.

थोर द्रष्टा. ज्ञानाचं मंदिर. ताठ मान. नऊ फूट.

२३ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस सूनबाईशी हो-नाहीपलीकडे बोललो नाही. तिने बिचारीने रोज वेळेवर चहा ठेवला आणि एकदाही खिंकाळून दाखवलं नाही. तिच्या जागी मी असतो तर दाखवलंच असतं.

आज सकाळी एकटाच शाळेत गेलो. तिसऱ्या कडीखाली बसलो. बसल्या बसल्या वाटलं, इथे माझ्या आधी कुणीतरी उभं असायचं. दिवसभर धावून, घामाघूम होऊन यायचं, मान खाली घालून खायचं, कुणीतरी त्याच्या अंगावरून हात फिरवायचं. चौथीतला मी याहून वेगळं काय करत होतो?

आणि दुसरी गोष्ट आठवली. नोकरीत असताना मी दुकानदारांना बजावत फिरायचो, काट्यावर बोट ठेवायचं नाही, माल जेवढा भरेल तेवढाच सांगायचा. इतिहासाच्या काट्यावर मी तीन आठवडे अख्खा हात ठेवून बसलो होतो.

घरी येऊन पहिलं पान फाडलं. सूनबाईला म्हटलं, "बस. गव्हाण, खण, खरारा, सगळं नीट सांग. एक शब्द चुकता कामा नये."

तिने पदराआड हसू लपवलं. "म्हणजे घोडचूक मान्य?"

"मान्य. पण पन्हळीबद्दल थोडं सभ्य शब्दांत लिहू."

संध्याकाळपर्यंत सहा पानं झाली. लिहिताना एक गंमत लक्षात आली. बाई आम्हाला घोडे म्हणायच्या आणि इमारत निघाली पागा. केवढा हा योगायोग! तसं शेवटच्या पानावर लिहूनही टाकलं. पान चारला हात लावला नाही. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कचेरीतला अभियंता आला. तरुण आहे, पण टेप धरायची पद्धत चांगली. सगळं मोजलं, गव्हाणीत डोकं घालून पाहिलं, उठला तेव्हा गुडघ्यांना पांढरी धूळ.

"आजोबा, पागा आहे यात वाद नाही. पण कधीची? नव्वद वर्षांची असली तरी यादीत नाही जाणार. पुराव्याला कागद लागेल."

"माणूस चालेल?"

"कागदासकट माणूस आला तर उत्तम."

पद्धत अशी की माझा इतिहास काचेच्या चौकटीत घालून शाळेच्या भिंतीवर पंधरा दिवस लावायचा. वर मोठ्या अक्षरात, "नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत." तेरा मार्चला संध्याकाळी पाचला चौकट उतरणार. तोवर सालाचा पुरावा आला नाही तर पुढच्या आठवड्यात इमारतही उतरणार. अभियंत्याने स्वतः चार स्क्रू पिळून चौकट बसवली. जाताना म्हणाला, "ती मंदिराची ओळ का काढलीत? मला कचेरीतल्या कच्च्या प्रतीत आवडली होती."

रसिक आहे.

५ मार्च, बुधवार

लोक थांबून वाचतात! भाजी घेऊन जाणारे, शाळेतून घरी जाणारे. मी समोर दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांचे चेहरे वाचतो. पान चारपाशी एक मध्यमवयीन बाई बराच वेळ थांबली, मग फोन काढून तिने सहाही पानांचे फोटो घेतले. साहित्याची आवड दिसते.

आजवर हरकती शून्य. सूचना एक. "तुफान हे नाव ठळक अक्षरात छापावे." अक्षर तेलकट होतं.

११ मार्च, मंगळवार

अभिलेखागारात तिसऱ्यांदा गेलो. तिथल्या कारकुनाने या वेळी खुर्ची दिली, यावरूनच समजलो. पागांचे जुने कागद वाळवीने कधीच संपवले आहेत.

दोन दिवस उरले. सूनबाईने आज न विचारता माझ्या ताटाशेजारी ती सायकलची घंटी आणून ठेवली. मी वाजवली. दोघंही हसलो, पण फार नाही.

१३ मार्च, गुरुवार

चार वाजून चाळीस मिनिटांनी अभियंता आला. मी, तुफान आणि सूनबाई आत होतो. दाराचा वरचा भाग उघडा, खालच्याला कडी. तो बाहेर चौकटीपाशी स्क्रू काढायला लागला. एक निघाला. दुसरा निघाला. वर बघून तो म्हणाला, "आजोबा, मला खरंच वाईट वाटतंय." मी म्हटलं, "मोजमापात वाईट वाटून घ्यायचं नसतं," आणि तिसऱ्या कडीकडे बघत बसलो.

टाक्-टक.

वाटलं, आलं पुन्हा डोक्यात.

टाक्-टक, टाक्-टक. चाल संथ. काठी आणि पाऊल, दगडी पायरीवर.

"तुलाही ऐकू येतंय?" तुफानने विचारलं.

दाराच्या खालच्या फळीवर आधी एक सुरकुतलेला हात आला. मग पांढऱ्याशुभ्र केसांचं एक लहानसं डोकं. मागे ती फोटो काढणारी बाई, पिशवी धरून. डोक्याने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं,

"आले का माझे घोडे?"

बाईंनी खांद्यावरच्या झोळीतून सहा पानं काढली. त्यांवर लाल पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"हरकती घेणारा कोण? तू? लिही. हरकत पहिली. पान चार, ओळ सहा, 'दिवंगत'. मी दिवंगत नाही. कालच नवे दात बसवून घेतलेत." अभियंत्याने घाईघाईने पेन काढलं. "हरकत दुसरी. याच इसमाने वीस वर्षांपूर्वी माझ्यावर शोककविता लिहिली. तिसऱ्या ओळीत लंगडतो. तेव्हाच येऊन सांगणार होते. पण म्हटलं, एवढं मनापासून लिहिलंय तर राहू दे. मेलेल्या माणसाने फार बोलू नये."

"बाई..." मी म्हटलं.

"हरकत तिसरी. योगायोग म्हणे! माझे आजोबा इथले मुख्य मोतद्दार. चौदा घोडे होते त्यांच्या हाताखाली, टपालाचे. तुम्ही कुणी कधी विचारलंत, बाई, घोडे का म्हणता? चाळीसांपैकी एकाने?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पन्हळीकडे.

मागच्या बाईने, ती त्यांची भाची, पिशवीतून त्या आजोबांची कापडी बांधणीची एक अरुंद, लांबट वही काढून अभियंत्याच्या हातात दिली. त्याने पहिलं पान उलटलं, तारीख वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा वाचली. एकशे अठरा वर्षं. त्याने वही जपून फळीवर ठेवली आणि काढलेले दोन्ही स्क्रू परत पिळून बसवले.

तुफान खालची कडी काढायला धावला, पण बाईंनी काठी आडवी धरली. "आधी हजेरी."

त्यांनी दाराबाहेरूनच वही उघडली. चष्मा नाकावर सरकवला.

"तुफान. रंग काळा. लाथा झाडतो. तुफान?"

"हजर, बाई!" तुफानने तेलकट हात पाठीमागे लपवले.

"काजळ. तो आता नाही, ठाऊक आहे मला." त्यांनी बोट तिसऱ्या ओळीवर नेलं. "पाखरू. रंग भुरा. चाल मंद. स्वभाव गरीब, ओझं मुकाट नेतो. मात्र वाटेत उभा राहून झाडं बघतो, दोनदा हाकारावं लागतं."

चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्यांनी काठी पायरीवर आपटली. टाक्-टक.

"पाखरू?"

मी उठून उभा राहिलो. हात आपोआप तिसऱ्या कडीकडे गेला.

"हजर, बाई."